हप्ता आपोआप, दंडही आपोआप

(भाषणाचा मजकूर)



आज पिकाबद्दल बोलायचं नाही, खताबद्दल नाही आणि रोगराईबद्दलही नाही. बँकेतल्या तुमच्या खात्यातून जे हप्ते आपोआप कापले जातात त्यांच्याबद्दल, आणि हप्ता चुकला की मागोमाग जो दंड कापला जातो त्याच्याबद्दल बोलायचं आहे. विषय कोरडा आहे, पण पैसा तुमचा आहे.

मी बँकेत शेतीकर्जाच्या टेबलावर तीस वर्षं काढली. आता निवृत्त होऊन जुळे सोलापुरात राहतो. आमच्या या भागात एक गंमत आहे. इथल्या निम्म्या घरांचं एक पाऊल विजापूर रोडवर तर दुसरं मंद्रूप नाहीतर होटगीकडच्या शेतात असतं. मुलगा इथे राहतो, नोकरी करतो किंवा दुकान चालवतो. आईवडील गावाकडे. आणि खातं? खातं बहुधा वडिलांचं. मोटारसायकल मुलाची, फ्रीज सुनेचा, मोबाईल नातवाचा आणि हप्ता आजोबांच्या पासबुकातून. मी बँकेत होतो तेव्हा हे पाहत होतो, आजही पाहतो.

अशाच एका शेजाऱ्याच्या वडिलांची हकीकत आधी सांगतो. गाव सांगत नाही, नाव सांगत नाही. मी त्यांना मामा म्हणतो.

मामांच्या खात्यातून दर महिन्याच्या ५ तारखेला मोटारसायकलचा ३,४५० रुपयांचा हप्ता जायचा. २०२३ सालच्या नोव्हेंबरची गोष्ट. खात्यात ३,२०० रुपये होते, म्हणजे अडीचशे कमी. मामांना त्याची काळजी नव्हती, कारण सोलापूरच्या मार्केट यार्डात कांदा विकून ४१,००० रुपयांचा चेक हातात आला होता. शनिवारी, ४ तारखेला दुपारी त्यांनी तो बँकेत टाकला आणि गावी गेले. त्यांचा हिशेब असा की उद्या रविवार, बँक बंद, म्हणजे हप्ता सोमवारीच कापला जाईल.

इथेच चुकलं. पूर्वी तसंच होतं. पण १ ऑगस्ट २०२१ पासून ही हप्ते कापण्याची यंत्रणा रविवारी आणि सुटीच्या दिवशीही चालते. बँकेला कुलूप असलं तरी हप्त्याची मागणी येते. रविवारी मागणी आली, खात्यात अडीचशे रुपये कमी, हप्ता परत गेला. बँकेने हप्ता परत गेल्याचे २५० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी असे २९५ रुपये कापले. राहिले २,९०५.

मंगळवारी चेक वटला. बुधवारी मामा आले आणि कांद्याचे ४१,००० रुपये काढून घेऊन गेले. हरभऱ्याचं बी घ्यायचं होतं, मजुरी द्यायची होती. पासबुक भरून घेतलं नाही. मोबाईलवर संदेश आला होता, पण इंग्रजीत. हप्ता गेला असंच ते धरून चालले. १० तारखेला कंपनीने त्याच हप्त्याची मागणी पुन्हा पाठवली. खात्यात २,९०५. पुन्हा परत. पुन्हा २९५. शिवाय कंपनीने आपल्या बाजूने दोन वेळा चारशे-चारशे लावले. आता बेरीज करा. बँकेचे ५९० आणि कंपनीचे ८००, मिळून १,३९० रुपये. अडीचशे रुपये कमी पडले म्हणून! आणि हप्ता भरायचा होता तो राहिलाच.

मामा माझ्याकडे पासबुक घेऊन आले. म्हणाले, "सायेब, पैसे हुते की वो! बुधवारी मीच काढले न्हवं का?" खरं होतं ते. पैसे नव्हते असं नाही. ज्या दिवशी लागत होते त्या दिवशी नव्हते, एवढंच.

मुख्य मुद्दा हाच आहे. दर महिन्याचा हप्ता ही पद्धत पगारदारासाठी बसवलेली आहे. त्याचा पगार १ तारखेला होतो, हप्ता ५ तारखेला जातो. आपला पगार कधी होतो? कांदा निघाला की, ऊस गेला की, डाळिंबाचा बहर उतरला की. उसाचे पैसे चौदा दिवसांत द्यावेत असं १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात लिहिलेलं आहे, पण त्या भरवशावर कुणी हप्त्याची तारीख धरली तर काय होतं ते तुम्ही मला सांगायला नको. दुधाचं बिल तेवढं दहा-पंधरा दिवसांनी नेमानं येतं. बाकी सगळा पैसा एकदम येतो आणि एकदम जातो. अशा खात्यावर महिन्याच्या महिन्याला ठोकलेली तारीख म्हणजे कालव्याला पाणी असो नसो, पाळी लावून ठेवल्यासारखं आहे.

आता ही यंत्रणा काय आहे ते थोडक्यात पाहू. तुम्ही कर्ज घेता किंवा वस्तू हप्त्यावर घेता तेव्हा एका कागदावर सही देता, की अमुक तारखेला माझ्या खात्यातून इतके पैसे घ्यावेत. त्याला मॅन्डेट म्हणतात, आपण अधिकारपत्र म्हणू. आता तर सहीसुद्धा लागत नाही, मोबाईलवर आलेला ओटीपी सांगितला की काम झालं. या अधिकारपत्रांची देवाणघेवाण नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनच्या यंत्रणेतून होते. तिच्या नावाची इंग्रजी आद्याक्षरं एन, ए, सी, एच अशी आहेत. आपली माणसं ते "नाच" असं वाचतात आणि पैसे नाचत जातात खरे! पासबुकात कुठे एसीएच आणि कुठे एनएसीएच अशी अक्षरं दिसली तर समजा की तो आपोआप गेलेला हप्ता आहे. त्याच्यापुढे आरटीएन असं दिसलं तर समजा की हप्ता परत गेला आणि त्याचा आकार लागला. पासबुक भरून घेताना कारकुनाला एवढंच विचारा, "साहेब, यात परत गेलेलं काही आहे का?" लाजू नका.

बरेच जण ओव्हरड्राफ्ट हा शब्द इथे वापरतात. तो जरा वेगळा आहे. खात्यात नसलेले पैसे बँकेने उचलून देणं म्हणजे ओव्हरड्राफ्ट. काही देशांत बँक असा कमी पडलेला हप्ता स्वतः भरते आणि मग त्याचा आकार लावते. ब्रिटनमध्ये हे आकार इतके वाढले होते की २०२० च्या एप्रिलपासून तिथे ठरावीक रकमेचे दंड बंद करून फक्त व्याज घ्यायचा नियम करावा लागला. आपल्याकडे साध्या बचत खात्यावर बँक सहसा पैसे उचलून देत नाही. हप्ता परत पाठवते आणि परत पाठवण्याचे पैसे घेते. म्हणजे काम झालं नाही तरी मजुरी द्यायची. जनधन खात्यावर १०,००० रुपयांपर्यंत ओव्हरड्राफ्ट मिळू शकतो, पण तो आपोआप मिळत नाही. खातं नीट चालवावं लागतं आणि बँकेत मागावा लागतो. त्याच्यावर व्याजही आहे. तेव्हा त्या भरवशावर हप्ता सोडू नये.

किमान शिल्लक नसल्याचा दंड ही आणखी वेगळी गोष्ट. यात तुमच्या बाजूचा एक नियम आहे, तो नीट ऐका. रिझर्व्ह बँकेने १ एप्रिल २०१५ पासून असं ठरवून दिलं आहे की शिल्लक कमी झाली तर बँकेने आधी खातेदाराला कळवायचं, भरायला महिनाभर मुदत द्यायची, आणि दंड लावला तरी शिल्लक जेवढी कमी असेल त्या प्रमाणात लावायचा. मुख्य म्हणजे, निव्वळ या दंडामुळे बचत खातं शून्याच्या खाली नेता येत नाही. तुमच्या पासबुकात या दंडापायी वजा रक्कम दिसत असेल तर ती चूक आहे, बँकेला लेखी सांगा. आणि ज्याला किमान शिल्लक ठेवणं जमत नाही त्याने आपलं खातं साध्या मूलभूत बचत खात्यात बदलून मागावं. त्यात किमान शिल्लकच नसते. अट इतकीच की त्याच बँकेत दुसरं बचत खातं ठेवता येत नाही. मात्र खातं शून्य शिलकीचं असलं तरी परत गेलेल्या हप्त्याचा आकार लागू शकतो. ही दोन्ही एकच आहेत असं समजून पुष्कळजण फसतात.

आता माताभगिनींसाठी. २०२४ च्या ऑगस्टमध्ये लाडकी बहीण योजनेचे जुलै आणि ऑगस्टचे मिळून ३,००० रुपये खात्यांवर आले. तेव्हा राज्यात अनेक ठिकाणी तक्रार झाली की बँकेने जुना दंड किंवा थकलेला हप्ता म्हणून त्यातून पैसे वळते करून घेतले. मंत्री आदिती तटकरे यांनी त्या वेळी बँकांना ही रक्कम कापू नये असं सांगितलं. पण मुळात हे झालं कसं ते समजून घ्या. वर्षानुवर्षं न वापरलेलं खातं असतं. त्याच्यावर कधी काळचा आकार नोंदवून ठेवलेला असतो. खात्यात पैसे नसतात तोवर तो गप्प बसून राहतो. पहिले पैसे आले की आधी तो उठतो. तेव्हा पीएम-किसानचे २,००० असोत, अनुदान असो की नुकसानभरपाई असो, पैसे येण्याच्या आधीच त्या खात्यावर काही येणं दाखवलं आहे का हे विचारून ठेवावं. खातं बंद पडलेलं असेल तर ते पुन्हा चालू करायला बँकेला पैसे घेता येत नाहीत आणि बंद काळातला किमान शिलकीचा दंडही लावता येत नाही. हा नियम १ एप्रिल २०२४ पासून लागू आहे.

मग करायचं काय? माझ्या मते पहिलं काम हप्त्याचं खातं वेगळं करणं. ज्या खात्यात कांद्याचे, दुधाचे पैसे येतात आणि ज्यातून तुम्ही बी-बियाणं आणि मजुरी काढता, त्याच खात्याला हप्ता लटकवू नका. एक खातं फक्त हप्त्याचं ठेवा. मोठी रक्कम हातात येईल तेव्हा चार-सहा महिन्यांचे हप्ते त्यात टाकून ठेवा आणि वर पाचशे-हजार रुपये जास्त. त्यातून हात घालून पैसे काढायचे नाहीत. घरात बियाण्याची कणगी जशी वेगळी ठेवता आणि कितीही अडचण आली तरी तिला हात लावत नाही, तसं. यात व्याजाचं थोडं नुकसान होतं असं कुणी म्हणेल. होतं, पण दोनदा परत गेलेल्या हप्त्याइतकं नाही.

दुसरी गोष्ट हप्त्याची पाळी. कर्ज घेताना दुकानदार किंवा एजंट म्हणतो, महिन्याला फक्त इतके. तुम्ही विचारा, सहा महिन्याला किती? ट्रॅक्टरच्या कर्जात सहामाही हप्ता ही नेहमीची गोष्ट आहे, ती मागून घ्या. मोटारसायकल आणि मोबाईलला सहामाही हप्ता मिळणं अवघड, पण तारीख बदलून मिळते का ते विचारता येतं. दुधाचं बिल महिन्याच्या १५ तारखेच्या आसपास येत असेल तर हप्ता २० तारखेचा घ्या. सही करण्याआधी मागितलं तर बऱ्याचदा मिळतं, नंतर मागितलं तर अर्ज करत बसावं लागतं. त्याच कागदावर आणखी दोन रकाने पाहा. जास्तीत जास्त किती रक्कम कापता येईल, आणि कोणत्या तारखेपर्यंत. हप्ता तीन हजारांचा आणि रकान्यात दहा हजार लिहिलं असेल तर का ते विचारा. आणि खातं कुणाचं लिहिलं आहे तेही बघा. मुलाच्या वस्तूला मुलाचं खातं लावावं. बापाचं लावलं की मुलाला तारखेची आठवण राहत नाही, हा माझा तीस वर्षांचा अनुभव आहे. मुलांनी राग मानू नये.

किसान क्रेडिट कार्डाच्या खात्याला तर असला कोणताही हप्ता लावू देऊ नका. ते खातं पिकासाठी उचलायचं आणि पीक आल्यावर भरायचं. त्याच्या मर्यादेतून मोबाईलचा हप्ता जायला लागला तर तुम्ही पीककर्ज काढून मोबाईल घेतला असा त्याचा अर्थ होतो, आणि ऐन पेरणीला मर्यादा कमी पडते. या खात्यातून पीकविम्याचा हप्ता मात्र बँक कापते. २०२० च्या खरिपापासून कर्जदार शेतकऱ्यालाही पीकविमा ऐच्छिक आहे. पण ऐच्छिक म्हणजे तुम्ही गप्प राहिलात तर कापला जाणार. नको असेल तर शेवटच्या तारखेच्या सात दिवस आधी बँकेला लेखी द्यावं लागतं. काही जण सेवा केंद्रावर जाऊन स्वतः विमा भरतात आणि बँकही भरते, मग दोन्हीकडे घोळ. कुठे भरायचा ते एकदा ठरवा. महाराष्ट्रातला एक रुपयातला विमा २०२५ च्या खरिपापासून बंद झाला आहे, आता शेतकऱ्याचा खरिपाचा हिस्सा विमा रकमेच्या २ टक्क्यांपर्यंत, रब्बीचा दीड टक्क्यापर्यंत आणि नगदी व फळपिकांचा ५ टक्क्यांपर्यंत असतो. त्यामुळे कापली जाणारी रक्कम पूर्वीसारखी नगण्य राहिलेली नाही.

आणखी एक कपात आहे, ती चुकली तर दंडापेक्षा मोठं नुकसान होतं. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचे वर्षाला २० रुपये आणि जीवन ज्योती विमा योजनेचे ४३६ रुपये. दोन्ही मिळून ४५६. हे पैसे मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, २५ ते ३१ तारखेच्या दरम्यान कापले जातात आणि विमा १ जूनपासून पुढे चालू होतो. बघा, वेळ कोणती आहे! मृग तोंडावर आलेलं, बियाणं आणि खत घेऊन खातं रिकामं झालेलं. पैसे नसले की विमा खंडित. घरच्यांना वाटत राहतं की विमा आहे, आणि जून-जुलैमध्ये वीज पडली, विहिरीवर शॉक बसला, साप चावला, तर दोन लाख रुपये मिळायचे ते मिळत नाहीत. अशी एक विधवा बाई माझ्या टेबलासमोर येऊन बसली होती. पासबुकात मे महिन्याअखेर शिल्लक ११ रुपये होती. मी काही करू शकलो नाही. तेव्हा २० मेच्या आत खात्यात पाचशे रुपये ठेवा आणि जूनमध्ये पासबुक भरून ते कापले गेले का ते बघा. न कापलेले दिसले तर त्याच दिवशी शाखेत जाऊन सांगा.

हप्ता परत गेलाच तर काय करावं? पहिलं, लपून बसू नका. कंपनीला फोन करून सांगा की मी हप्ता अमुक दिवशी स्वतः भरतो, पुन्हा खात्यावर मागणी पाठवू नका. पावती घ्या. मामांचा दुसरा दंड एवढ्यानं वाचला असता. दुसरं, पैसे काढण्याआधी पासबुक भरून घ्या. तिसरं, वकिलाची नोटीस आली तर ती माळ्यावर फेकू नका. २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट कायद्याच्या कलम २५ प्रमाणे, पैसे नसल्यामुळे असा हप्ता परत जाणं हे चेक न वटण्यासारखंच धरलं जातं. नोटीस हातात पडल्यापासून पंधरा दिवसांत रक्कम भरली तर त्या कलमाखाली खटला उभा राहत नाही. म्हणून नोटिशीचं पाकीट कोणत्या दिवशी मिळालं ती तारीख त्यावर लिहून ठेवा.

कर्ज फिटल्यावरही अधिकारपत्र चालूच राहिल्याचं मी पाहिलं आहे. कर्ज फिटल्याचा दाखला घेताना कंपनीला ते रद्द करायला सांगा आणि आपल्या बँकेतही अर्ज द्या. प्रत्येक अधिकारपत्राला एक लांबलचक क्रमांक असतो, तो अर्जात लिहा. मोबाईलवरच्या यूपीआयमधून चालू झालेली कपात त्याच ॲपमध्ये ऑटोपे या ठिकाणी दिसते आणि तिथेच बंद करता येते. मुलाला किंवा नातवाला दाखवायला सांगा. पण एक ध्यानात धरा, अधिकारपत्र बंद केलं म्हणजे कर्ज बंद झालं असं नाही. नुसती कपात थांबते, देणं चालूच राहतं.

दंड चुकीचा लागला असं वाटलं तर शाखेत तोंडी भांडू नका. काउंटरवरचा माणूस बदलून जातो आणि तोंडी बोलणं त्याच्याबरोबर जातं. साध्या कागदावर अर्ज लिहा, तारीख, रक्कम आणि खाते क्रमांक घाला, आणि दुसऱ्या प्रतीवर पोच म्हणून शिक्का घ्या. सेवाशुल्काचा तक्ता शाखेत लावलेला असतो, त्यातली रक्कम आणि कापलेली रक्कम ताडून पाहा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. २०२१ च्या नोव्हेंबरपासून यासाठी एकच योजना आहे. चौकशीला १४४४८ हा फोन आहे, आणि कागदावर लिहिलेली तक्रार चंदीगडच्या सेक्टर १७ मधल्या रिझर्व्ह बँकेच्या कार्यालयाकडे टपालाने पाठवता येते. फी काही नाही, वकील लागत नाही. मात्र पतसंस्थेबद्दलची तक्रार तिथे चालत नाही, ती तालुक्याच्या सहायक निबंधकाकडे, म्हणजे सहकार खात्याकडे करावी लागते. आपल्या सोलापुरात पिग्मी आणि पतसंस्था घरोघरी आहेत म्हणून मुद्दाम सांगितलं.

मामांनी असा अर्ज केला. मीच लिहून दिला. बँकेने दुसऱ्या वेळचे २९५ रुपये परत केले, पहिल्या वेळचे केले नाहीत, आणि ते नियमाला धरूनच होतं. कंपनीने काही सोडलं नाही. हप्त्याची तारीख मात्र २० करून दिली. मोटारसायकल मुलाच्या नावावर होतीच, आता हप्ताही त्याच्याच खात्यातून जातो.